पत्ता चुकलेले अपघात

आमच्या कारखान्यात पत्र्याचे डबे बनत. बिस्किटांचे, रंगाचे, मलमाचे. पत्रा ही वस्तू स्वभावानेच कापणारी, त्यामुळे आमच्याकडे सुरक्षिततेला फार महत्त्व होतं. म्हणजे तिच्याबद्दल भिंतींवर पुष्कळ लिहिलेलं होतं.

एका वर्षी मोठ्या ऑफिसातून हुकूम आला की अपघात होण्याची वाट बघत बसू नका. जे अपघात होता होता राहिले, त्यांची नोंद करा आणि त्यांतून शिका. प्रत्येक खात्याने महिन्याला अशा चार नोंदी द्यायच्या. त्यासाठी गुलाबी फॉर्म आले. फॉर्मवर कुणाचं नाव घालायचं नाही, फक्त चार चौकटी भरायच्या: ठिकाण, काय घडलं, काय घडू शकलं असतं, आणि उपाय. चारपेक्षा कमी फॉर्म भरले तर त्या खात्याच्या फोरमनने सुरक्षा अधिकाऱ्याचं तीन तासांचं व्याख्यान ऐकायचं. अपघात न झाल्याबद्दल शिक्षा होऊ शकते, ही कल्पना कामगारांना नवीन होती. ते व्याख्यान ज्यांनी एकदा ऐकलं होतं, ते हात मोडून घ्यायला तयार होते.

मी ऑफिसात पत्रव्यवहार बघायचो. हे फॉर्म टाइप करून वर पाठवणं माझ्याकडे होतं. म्हणून आमच्या स्टोअरकीपरची हकीकत मला चौकटी-चौकटीने ठाऊक आहे.

त्याला सगळे बालंबाल म्हणत. हे नाव त्याला नंतर पडलं, पण इतकं घट्ट बसलं की आधीचं नाव पगारपत्रकापुरतं उरलं. सडपातळ माणूस, कानावर पेन्सिल, कमरेला किल्ल्या. त्याच्या स्टोअरमध्ये प्रत्येक खणाला चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर जे लिहिलं असेल तेच खणात असे. तुम्ही म्हणाल त्यात काय विशेष. तुम्ही दुसऱ्या कुठल्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेलेला दिसत नाही.

हुकूम आल्यावर त्याच्या खिडकीशी पहिला आला तो प्रेस खात्याचा फोरमन, ज्याला आम्ही मास्तर म्हणायचो. पत्र्यातून झाकणं ठोकून काढणाऱ्या मोठ्या प्रेसवर त्याने तीस वर्षं काढली होती, आणि कुणी सुरक्षिततेचा विषय काढला की तो दोन्ही हात वर करून बोटं पसरायचा. ‘मोज. दहा आहेत का? तीस वर्षं झाली. झालंय का काही?’

त्या दिवशी त्याच्या हातात चार कोरे फॉर्म होते.

‘तुझं अक्षर बरं आहे,’ मास्तर म्हणाला. ‘चार लिहून दे.’

‘काय लिहू?’

‘काहीही. कुणीतरी घसरता घसरता राहिलं.’

‘कोण?’

‘कोण असायला कशाला हवंय? राहिलंच आहे ना ते.’

‘न घडलेलं मी लिहीत नाही, मास्तर. स्टोअरमध्ये नसलेला खिळा मी आजवर रजिस्टरमध्ये लिहिला नाही.’

‘मग घडलेलं लिही बाबा. पण चार लिही. त्या माणसाचं व्याख्यान मी पुन्हा ऐकलं तर प्रेसखाली डोकं घालीन, मग तुला लाल फॉर्म भरावा लागेल.’

लाल फॉर्म खऱ्या अपघाताचा.

मास्तर गेल्यावर बालंबालने कानावरची पेन्सिल काढली आणि विचार केला. घडलेलं त्याच्याकडे होतं. हवं तेवढं होतं. फक्त ते कारखान्यात घडलेलं नव्हतं.

इथे त्याच्या घराबद्दल सांगायला हवं. घर त्याचं नव्हतं, सासऱ्यांचं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी भाड्याच्या खोलीचं छत गळायला लागलं, तेव्हा नवराबायको दोन महिन्यांसाठी म्हणून बायकोच्या माहेरी आले. छत दुरुस्त झालं, खोली दुसऱ्याला गेली, त्या दुसऱ्याची मुलंही मोठी झाली, आणि बालंबाल घरजावई होऊन राहिला. दरम्यान सासूबाई वारल्या. उरले सासरेबुवा.

सासरेबुवा निवृत्त वायरमन. वय पंच्याहत्तर. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांत तारा ओढल्या आणि निवृत्तीनंतर सगळी विद्या स्वतःच्या घरावर वापरायला काढली. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यांनी त्यात बोटाएवढी जाड तार घातली. मग तो उडेना. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह गेला तर त्या जागी त्यांनी बोल्ट बसवून दिला आणि मुलीला सांगितलं, ‘आता जन्मात जाणार नाही.’ फरशी पुसायचं ॲसिड ते सरबताच्या बाटलीत ठेवत, कारण त्या बाटलीचं बूच चांगलं होतं. पाणी तापवायचा रॉड बादलीत सोडून पाणी तापलं का ते बोट घालून बघत. उंचावरचं काही करायचं तर टेबल, टेबलावर स्टूल, स्टुलावर सासरेबुवा. चष्मा कपाळावर, डाव्या पायातली चप्पल ढिली. काम सुरू करण्याआधी एकदा खाकरायचं, एवढीच काय ती पूर्वतयारी.

त्यांना सांगणार कोण?

‘तुम्ही सांगा,’ बायको म्हणायची. ‘मी सांगितलं की त्यांना आई आठवते. मग दोन दिवस जेवत नाहीत.’

‘मी सांगितलं की त्यांना घर कुणाचं आहे ते आठवतं,’ बालंबाल म्हणायचा.

एकदाच त्याने सांगून बघितलं होतं. सासरेबुवा अतिशय मऊ आवाजात म्हणाले, ‘जावईबापू, तुम्ही खिळे मोजता. उत्तम मोजता. मी कधी त्यात बोललो का?’

तेव्हापासून तो गप्प होता. रोज सकाळी कामाला निघताना तो बायकोकडे आणि छताकडे एकेकदा बघायचा आणि बाहेर पडायचा. दिवसभरात स्टोअरमधला फोन वाजला की रिसीव्हर उचलण्याआधी त्याचा हात एक क्षण थांबायचा. आम्हाला वाटे, माणूस सावकाश आहे.

तर त्या दिवशी त्याने मास्तरचा पहिला फॉर्म पुढे ओढला. दोन, तीन आणि चार या चौकटी त्याने अक्षरशः खऱ्या भरल्या. पहिल्या चौकटीत, जिथे ‘स्वयंपाकघर’ लिहायचं, तिथे ‘प्रेस खातं’ लिहिलं. त्याच्या हिशेबी खोटेपणा एका चौकटीपुरता असला तर तो स्टोअरमधल्या घटतुटीइतकाच होता, आणि घटतूट कुणाच्या स्टोअरमध्ये होत नाही?

पुढच्या आठवड्यात छपाई खात्याचा फोरमन आला, मग पॅकिंगचा. तीन खाती, महिन्याला बारा फॉर्म. सासरेबुवा कितीही उद्योगी असले तरी त्यांचा वेग बाराचा नव्हता. कमी पडलं की बालंबाल मागचा साठा काढायचा. एकोणीस वर्षांचा होता.

आता गंमत अशी की प्रत्येक नोंदीवरचा उपाय सात दिवसांत अमलात आलाच पाहिजे, असा मोठ्या ऑफिसचा नियम होता. बालंबालने चौथ्या चौकटीत लिहिलं, ‘स्टूल बंद करून चौथऱ्याची, कठड्याची शिडी घ्यावी’. सातव्या दिवशी शिडी हजर. ‘पिण्याच्या बाटलीत रसायन ठेवू नये, चिठ्ठी लावावी’. छपाई खात्यातल्या थिनरच्या सगळ्या बाटल्या फेकल्या गेल्या आणि लाल झाकणाचे, चिठ्ठ्या लावलेले डबे आले. बाथरूममध्ये साबणावरून घसरून सासरेबुवा दरवाजाच्या कडीला लटकले, आणि पॅकिंगच्या धुण्याच्या जागेत रबरी जाळीची चटई अंथरली गेली. कुकरच्या बोल्टवरून वाफेच्या सगळ्या टाक्यांचे व्हॉल्व्ह तपासले, तर तीन खरोखरच गंजून बसलेले निघाले. सुरक्षा अधिकाऱ्याने त्या तीन व्हॉल्व्हचे फोटो काढून व्याख्यानात घातले. व्याख्यान साडेतीन तासांचं झालं.

म्हणजे कारखान्यात या माणसाचा शब्द सातव्या दिवशी अमलात येत होता आणि घरी तो शब्द बाहेरच पडत नव्हता. वर्षभरात कारखाना असा सुरक्षित झाला की पंच्याहत्तरीचा हट्टी म्हातारा त्यात डोळे मिटून फिरला असता. घरी तो डोळे उघडे ठेवून फिरत होता आणि चष्मा कपाळावर होता.

एकशे चव्वेचाळीस फॉर्म भरले. मग मोठ्या ऑफिसातून एक तपासणीस बाई आल्या.

एवढ्या नोंदी दुसऱ्या कुठल्याच कारखान्याने पाठवल्या नव्हत्या. आमच्या कारखान्याच्या साहेबांना वाटलं बाई ढाल द्यायला आल्यात. त्यांनी ऑफिसातल्या कपाटावर ढालीपुरती जागाही करून ठेवली होती. बाई पन्नाशीच्या, किडकिडीत, आवाज बँकेच्या खिडकीतून येतो तसा. त्यांनी चहा बाजूला सारला आणि फाइल उघडली. आत जागोजाग कागदी खुणा होत्या. टिपणं घ्यायला मी, कौतुक करून घ्यायला सुरक्षा अधिकारी आणि रजिस्टर घेऊन बालंबाल, असे आम्ही ओळीने उभे होतो.

‘एकशे चव्वेचाळीस नोंदी,’ बाई म्हणाल्या. ‘मी सगळ्या वाचल्या. त्यातल्या एकशे नऊ नोंदींमध्ये एकच माणूस आहे.’

‘फॉर्मवर नावं नसतात, बाई,’ साहेब हसून म्हणाले.

‘नाव नाही. वय पंच्याहत्तरच्या आसपास. चष्मा कपाळावर. डावी चप्पल ढिली. काम सुरू करण्याआधी खाकरतो. हा माणूस सोमवारी प्रेसमध्ये स्टुलावरून पडता पडता राहतो, गुरुवारी छपाईत थिनर पिता पिता राहतो आणि शनिवारी पॅकिंगमध्ये घसरतो. तुम्ही एका म्हाताऱ्याला तीन खात्यांत राबवता?’

‘आमच्याकडे साठीला निवृत्त करतात,’ साहेब म्हणाले. आता ते हसत नव्हते.

‘मग हा कोण आहे?’

सुरक्षा अधिकारी फाइलमधल्या कागदी खुणा मोजू लागला.

‘मी या कामात अठ्ठावीस वर्षं आहे,’ बाई म्हणाल्या. ‘एकाच माणसाच्या अशा नोंदी साठत गेल्या की पुढे काय येतं ते मला ठाऊक आहे. गुलाबी फॉर्म संपतो आणि लाल लागतो. या माणसाचं नशीब आजवर फार खर्च झालंय. मला तो माणूस दाखवा. आणि आजच्या आज त्याला खाली उतरवा.’

साहेबांनी सुरक्षा अधिकाऱ्याकडे बघितलं. सुरक्षा अधिकाऱ्याने माझ्याकडे बघितलं. माझ्या शेजारी कुणीतरी किल्ल्या हातात घट्ट धरल्याचा आवाज झाला.

‘ते माझे सासरे आहेत,’ बालंबाल म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. हे त्याच्या नोकरीवर बेतू शकतं हे त्याला कळत होतं, कारण त्याने रजिस्टर आधी टेबलावर नीट ठेवलं आणि किल्ल्या त्यावर ठेवल्या.

‘म्हणजे एकशे चव्वेचाळीस खोट्या नोंदी,’ साहेब म्हणाले.

‘खोटं त्यात काही नाही, साहेब. सगळं घडलेलं आहे. फक्त पत्ता चुकलाय.’

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न नियमांबद्दल नव्हता.

‘ते जिवंत आहेत?’

‘सकाळी निघालो तेव्हा होते.’

‘काय करत होते?’

‘छताचा पंखा उतरवायचं म्हणत होते. आवाज करतो. टेबल पुसून घेत होते.’

‘घर किती लांब आहे?’

‘गाडीने दहा मिनिटं.’

बाई उठल्या. कारखान्याची गाडी दाराशी आली. त्यात साहेब, बाई, सुरक्षा अधिकारी आणि टिपणं घ्यायला मी. बालंबाल दारात घुटमळला. ‘शिडी घेऊ का?’

‘कुठली शिडी?’

‘सात नंबरच्या नोंदीतली.’

कठड्याची ती शिडी आम्ही गाडीच्या टपावर बांधली. सुरक्षा अधिकाऱ्याने गाठ तीनदा तपासली. त्या वर्षात त्याने प्रत्यक्ष केलेलं सुरक्षिततेचं काम बहुधा तेवढंच.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आतून बायकोचा आवाज आला, ‘कोण आहे? ढकला दार, मला हलता येत नाही.’

आत मधोमध टेबल, टेबलावर स्टूल, आणि स्टुलावर सासरेबुवा. एका हातात पाना, दुसरा हात पंख्याच्या दांडीवर. खाली त्यांची मुलगी, म्हणजे बालंबालची बायको, दोन्ही हातांनी स्टुलाचे पाय धरून उभी. साडीचा पदर कमरेला खोचलेला, चेहरा वर. गेली कित्येक वर्षं त्या घरातली सुरक्षाव्यवस्था ती हीच.

‘कोण आलंय एवढं?’ सासरेबुवांनी वरून विचारलं.

‘कारखान्यातले लोक आहेत, बाबा,’ बालंबाल म्हणाला.

‘काढून टाकलं का तुम्हाला?’

‘अजून ठरलं नाही.’

‘मग बसा. मला दोन स्क्रू राहिलेत.’

साहेब काहीतरी बोलणार होते. बाईंनी त्यांना हाताने थांबवलं आणि स्वतः खुर्ची ओढून बसल्या, जसं काही त्या स्क्रू निघायचीच वाट बघायला आल्या होत्या.

‘मेन बंद केलाय?’ त्यांनी विचारलं.

‘पंखा बंद केलाय.’

‘मी मेन विचारला.’

‘बाई, चाळीस वर्षं मी तारा जोडल्या. झालंय का काही?’

‘म्हणूनच आले,’ बाई म्हणाल्या. ‘जाणकार माणूस हल्ली मिळत नाही. आमच्याकडे काही नोंदी आल्यात, तुमचं मत हवं होतं. हात थांबवून ऐकाल का जरा?’

मत मागितल्यावर कुठला निवृत्त माणूस हात थांबवत नाही? पाना खिशात गेला. बाईंनी फाइल उघडली.

‘छपाई खातं. एका अनुभवी व्यक्तीने तीव्र रसायन पिण्याच्या बाटलीत भरून ठेवलं. दुपारी तहान लागल्यावर तीच बाटली तोंडाला लावली. वासावरून लक्षात आलं.’

‘कोण गाढव आहे हा?’ सासरेबुवा म्हणाले.

‘पॅकिंग खातं. पाण्यात विजेचा रॉड चालू असताना पाणी तापलं का ते बोट घालून पाहिलं.’

‘आधी बटण बंद करायचं. पोरालासुद्धा कळतं. असल्या माणसाला कामावर ठेवता कसे तुम्ही?’

‘बाबा,’ खालून मुलगी म्हणाली.

‘तू गप्प बस. स्टूल धर.’

‘आता सात नंबर,’ बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला नाही, पण वाचण्याचा वेग कमी झाला. ‘प्रेस खातं. व्यक्तीने टेबलावर स्टूल ठेवून, त्यावर चढून काम केलं. खाली एक बाई स्टुलाचे पाय धरून उभी होती. स्टूल एका बाजूला सरकलं. व्यक्तीने दांडी धरली म्हणून बचावली. तिसरी चौकट, काय घडू शकलं असतं.’ इथे त्या थांबल्या. ‘ती व्यक्ती पडली असती तर खालच्या बाईवर पडली असती. व्यक्ती वाचली असती. बाई वाचली नसती.’

सासरेबुवांनी खाली बघितलं. वरून त्यांना मुलीचा भांग दिसत असणार. त्यात पांढरं किती झालंय हे त्यांना त्या उंचीवरून पहिल्यांदाच दिसलं असावं, कारण एरवी ते तिच्याकडे बघायचे ते चहा मागायला.

‘हे कुणी लिहिलंय?’ त्यांनी विचारलं.

बालंबाल फरशीकडे बघत होता.

सासरेबुवा खाकरले. या वेळी त्यानंतर कुठलंच काम सुरू झालं नाही.

‘उपाय काय लिहिलाय त्याने?’

‘कठड्याची शिडी.’

‘आहे का?’

‘गाडीच्या टपावर आहे, बाबा.’

‘टपावर ठेवून काय उपयोग? आत आणा की.’

शिडी आत आली. सासरेबुवा स्टुलावरून शिडीवर आणि शिडीवरून जमिनीवर उतरले. मुलीने स्टूल सोडलं आणि आपले तळहात बघितले. त्यावर स्टुलाच्या पायांच्या कडा उमटल्या होत्या. ती पाणी आणायला आत गेली. सरबताची बाटली तेवढी तिने वाटेत उचलून मोरीत ठेवली.

सासरेबुवांनी फाइल मागितली, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि वाचायला बसले. वीसेक मिनिटं आम्ही पाचजण त्या खोलीत हजेरी लावल्यासारखे बसून होतो. मग त्यांनी जावयाच्या कानावरची पेन्सिल स्वतःच काढून घेतली.

‘एकोणीस नंबर,’ ते म्हणाले. ‘बादली स्टीलची लिहिलीय. प्लास्टिकची होती.’

‘मला स्टीलची आठवते, बाबा.’

‘स्टीलची असती तर आज दुरुस्ती करायला मी उरलो असतो का? लिहायचं तर बरोबर लिहावं माणसाने.’

त्यांनी एकूण अकरा दुरुस्त्या केल्या. ‘हा मी नव्हेच’ असं एकाही ठिकाणी लिहिलं नाही.

निघताना बाईंनी बालंबालची शिक्षा सांगितली. एकशे चव्वेचाळीसही फॉर्म घेऊन बसायचं आणि पहिल्या चौकटीत स्वतःच्या घराचा पत्ता लिहायचा. ‘आणि साहेब,’ त्या म्हणाल्या, ‘या नोंदी इथल्या. मग वर्षभरात तुमच्या कारखान्यात खरं काय घडत होतं?’

साहेबांनी पंख्याकडे बघितलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. आम्हा कुणालाच नव्हतं. वर्षभर आम्ही एका म्हाताऱ्याच्या चुका वाचून शहाणे होत होतो आणि आपल्या चुका बघायची कुणाला सवडच झाली नव्हती.

ढाल आली नाही. कपाटावरच्या जागेत साहेबांनी घड्याळ ठेवलं.

घरी फ्यूजमधली जाड तार निघाली. कुणी काढली ते कुणी विचारलं नाही. त्या आठवड्यात फ्यूज चार वेळा उडाला आणि चारही वेळा सासरेबुवांनी मेन बंद करून नवी तार घातली. पाचव्या वेळी त्यांनी स्वतःहून शोध लावला की भार इस्त्रीचा आहे. कुकर मात्र त्यांनी टाकू दिला नाही. त्याला नवा व्हॉल्व्ह बसवून आणला आणि तो बोल्ट धुऊन जावयाला दिला. ‘स्टोअरमध्ये जमा करा.’ बालंबालने घेतला, पण जमा केला नाही. बाहेरचा माल रजिस्टरला चढत नसतो.

महिन्याभराने सासरेबुवांनी कारखाना बघायची इच्छा सांगितली. ‘माझ्या जिवावर एवढा माल घेतलात, तो बघायचाय मला.’

ते आले ते इस्त्रीचा सदरा घालून आणि दोन्ही पायांत घट्ट बूट घालून. बालंबाल त्यांना खात्याखात्यांतून फिरवत होता, मी मागे होतो. रबरी चटईवर त्यांनी पाय घासून बघितला. थिनरच्या डब्याची चिठ्ठी वाचली. कामगार बाजूला होऊन वाट देत होते. कुणीतरी शेजाऱ्याला हळूच म्हणालं, ‘हेच ते, एकशे नऊवाले.’ सासरेबुवांना ते ऐकू गेलं आणि वाईट वाटलेलं दिसलं नाही.

शेवटी प्रेस. ही प्रेस चालवायला दोन बटणं असतात, एक उजव्या हाताला, एक डाव्या. दोन्ही एकदम दाबली तरच ती खाली येते. म्हणजे ती येते तेव्हा माणसाचे दोन्ही हात बटणांवर असतात, तिच्याखाली नसतात. ज्याने कुणी हे शोधलं त्याला माणसाची चांगली पारख असावी.

मास्तर प्रेसवर होता. झाकणांची रास पडत होती.

‘या काका,’ मास्तर म्हणाला. ‘तुमच्यामुळे वर्षभर माझं व्याख्यान टळलं. आता मला खरे फॉर्म भरा म्हणतात. काय भरू? माझ्याकडे काही घडतच नाही. तीस वर्षं झाली.’ आणि सवयीने त्याने डावा हात वर करून पाच बोटं पसरली. उजवा कामात होता. ‘मोजा. झालंय का काही?’

प्रेस धाडकन खाली आली. झाकण पडलं.

सासरेबुवा मास्तरच्या वर केलेल्या हाताकडे बघत राहिले. मग प्रेसकडे. मास्तरही आता स्वतःच्या हाताकडे बघत होता, तो तिथे वर कसा गेला याचं नवल वाटल्यासारखा. डावा हात हवेत आणि प्रेस खाली, हे व्हायलाच नको होतं.

सासरेबुवांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, पलीकडच्या बाजूला गेले आणि वाकले. डावं बटण लाकडाची पाचर ठोकून दाबून ठेवलेलं होतं. वर चिकटपट्टी, पट्टीवर तेलाचे थर. फार जुनं काम होतं.

‘फ्यूजमध्ये जाड तार,’ ते म्हणाले.

‘अहो काका, दोन-दोन हात लावत बसलो तर दिवसाची झाकणं कशी पुरी व्हायची?’ मास्तर म्हणाला. आवाजात नेहमीचा जोर नव्हता. ‘आणि एवढ्या वर्षांत झालंय का काही?’

हे वाक्य बाहेरून कसं ऐकू येतं ते सासरेबुवांना आजवर माहीत नव्हतं. मग मशीन बंद करायचं लाल बटण शोधून त्यांनी ते दाबलं, आणि प्रेसचा आवाज थांबल्यावर जावयाकडे हात पुढे केला.

‘जावईबापू, फॉर्म.’

बालंबालने खिशातून गुलाबी फॉर्म काढला आणि कानावरची पेन्सिल दिली. सासरेबुवा खाकरले. मग फॉर्म प्रेसच्या टेबलावर ठेवून त्यांनी पहिल्या चौकटीत, तारा जोडणाऱ्या माणसाच्या सुट्या, जाड अक्षरांत लिहिलं: प्रेस खातं.

बालंबालने ते वाकून वाचलं. या वेळी पत्ता बरोबर होता.